वाजवी तजवीज

माननीय गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई, यांसी



एकतीस वर्षे सरकारी दफ्तरात काढून, त्यांतली शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून काढून, निवृत्त झालेल्या माणसाला अर्जाचे भवितव्य काय असते हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही. त्यावर आवक क्रमांक पडतो, तो नस्तीला लागतो, नस्तीवर टिपणी चढते, टिपणीखाली 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' अशी मखलाशी होते, आणि ज्या नियमाचा जाच झाला म्हणून अर्ज केला त्याच नियमाच्या स्वाधीन तो अर्ज पुन्हा केला जातो. अशा मखलाश्या मी स्वतः शेकड्यांनी लिहिल्या आहेत. त्यामुळे तक्रारीचा सूर लावण्याचा मला पुरता अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करतो. तथापि बंद लिफाफ्यातला कागद कोणत्या वाटेने जातो हे ठाऊक असल्यामुळेच हे पत्र मी उघडे लिहीत आहे. निदान वाटेतल्या माणसांनी तरी ते वाचावे, एवढीच त्यात चतुराई.

मी दोन वर्षांचा असताना मला पोलिओ झाला. डावा पाय तेव्हापासून शोभेचा. पुढे लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, एक कुबडी आणि उजव्या बाहूतले बळ एवढ्या भांडवलावर मी शिकलो, नोकरी केली, संसार केला. आता साठी ओलांडल्यावर ते बाहूतले बळही आटले असून घराबाहेर चाकाच्या खुर्चीवाचून माझे चालत नाही. बावीस वर्षांपूर्वी एका सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सोडतीत, अंध व अपंगांसाठी राखून ठेवलेल्या गाळ्यांपैकी एक गाळा मला लागला. यादीत आपले नाव पाहिल्यावर भाड्याच्या खोलीत आयुष्य गेलेल्या माणसाला काय वाटते, ते मी लिहिण्याची आवश्यकता नाही. पंधरा दिवसांनी देकारपत्र आले आणि त्यात गाळ्याचा क्रमांक वाचला, तेव्हा कळले की अपंग म्हणून मला मिळालेले घर चौथ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही.

आपणांस हा योगायोग वाटेल. मला तो योगायोग वाटत नाही, कारण योगायोगाला जागा करून देणारी पद्धत कोणीतरी विचारपूर्वक आखलेली असते. आरक्षणाच्या रकान्यात माझे अपंगत्व नोंदले गेले आणि तिथेच त्याचे काम संपले. पुढे कोणत्या प्रवर्गाला कोणता गाळा याची वाटणी झाली तेव्हा मी एक संख्या होतो, आणि संख्येला जिने चढावे लागत नाहीत. मी रीतसर अर्ज केला. वैद्यकीय मंडळाच्या दाखल्याची नक्कल जोडली. तळमजल्यावरचा कोणताही गाळा, तोंड कुठल्याही दिशेला असलेला, मला चालेल, असे लिहिले. तीन महिन्यांनी उत्तर आले: 'सोडतीत निश्चित झालेला गाळा बदलून देण्याची तरतूद नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' भाषा माझ्याच घराण्यातली होती. त्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिले असते, कदाचित 'तरतूद' या शब्दाऐवजी 'प्रघात' असा शब्द योजला असता, इतकेच.

बहात्तर पायऱ्या जिन्याच्या आणि तीन जोत्याच्या. तीन वर्षे त्या मी चढलो. मग एका श्रावणात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, ओल्या लादीवर कुबडी सरकून पडलो, खुब्याचे हाड मोडले आणि सहा आठवडे घराच्या खिडकीतून वसाहतीचे आंगण पाहत बसलो. त्या सहा आठवड्यांत एके दिवशी तळमजल्यावरच्या मावशी वर आल्या. त्यांचे यजमान टॅक्सी चालवीत, ते वर्षभरापूर्वी वारले होते. दोन मुलगे शिकत होते. चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, 'भाऊ, तुम्ही खाली या, आम्ही वर येतो. वर वाराही चांगला येतो.' याहून अधिक चर्चा झाली नाही. पुढच्या रविवारी दोन्ही बिऱ्हाडे हलली, त्यांच्या थोरल्या मुलाने गवंडी आणून जोत्याच्या पायऱ्यांवर विटांचा उतार बांधून घेतला, आणि जी गोष्ट दफ्तराला तीन महिन्यांच्या पत्रव्यवहारात साधली नव्हती ती आठवड्याभरात साधली.

कागदावर अर्थात् काहीच हलले नाही. त्यांच्या विजेचे बिल माझ्या नावे येई आणि माझे त्यांच्या नावे. शिधापत्रिका, मतदारयादी, बँकेचे पासबुक, सगळीकडे मी चौथ्या मजल्यावर आणि त्या तळाला. काही वर्षांनी गाळेधारकांची पडताळणी करायला एक निरीक्षक आले. सज्जन गृहस्थ होते, माझ्या खुर्चीकडे पाहून त्यांना संकोच वाटला हे मला दिसले, पण त्यांच्याजवळच्या नमुन्यात दोनच रकाने होते, आणि त्यांना दोन्ही दारांवर एकच शेरा लिहिणे भाग पडले: 'मूळ वितरित गाळेधारक राहत नाही.' दोन्ही घरांना कारणे दाखवा नोटीस निघाली. मी कारणे दाखवली, दाखल्याची नक्कल पुन्हा जोडली; ते प्रकरण आजतागायत विचाराधीन आहे. त्या इमारतीत अपंग माणसासाठी जी एकमेव तजवीज झाली, तिची सरकारी दफ्तरातील एकमेव नोंद अशी गुन्ह्याच्या स्वरूपात आहे.

'तजवीज' हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. 2016 सालचा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, जो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला आणि ज्याने 1995 च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली, त्यात एक कल्पना अशी आहे की, विशिष्ट व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क भोगता यावेत म्हणून, समोरच्यावर बेताबाहेरचा बोजा न टाकता, त्या प्रकरणापुरते जे फेरफार आवश्यक आणि उचित असतील ते करणे हे कर्तव्य आहे. आणि भेदभावाची व्याख्या करताना त्याच कायद्याने असे फेरफार करण्यास नकार देणे हाही भेदभावच, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. सरकारी अनुवाद काहीही असो, या कल्पनेला मी मराठीत 'वाजवी तजवीज' म्हणतो. आपल्या पूर्वीच्या दफ्तरांत दुष्काळ पडला, पूर आला, रस्ता खचला की 'योग्य ती तजवीज करावी' असा हुकूम सुटे, आणि त्या हुकमात कोणी कोणावर मेहेरबानी करीत असल्याचा वास नसे.

आज त्या जागी 'सवलत' येऊन बसली आहे. गंमत अशी की, अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ सुलभपणा, सोपेपणा असाच आहे, परंतु एस. टी. च्या तिकिटापासून वीजबिलापर्यंत सरकारने तो इतका वापरला की आता सवलत म्हणजे दरात दिलेली सूट आणि सूट म्हणजे देणाऱ्याची मर्जी, असा अर्थ लोकांच्या मनात पक्का झाला. तळमजला मागणारा माणूस सवलत मागतो आहे असे खिडकीपलीकडच्या कारकुनाला वाटते. वस्तुतः तो किमतीतला एक रुपयाही कमी करा म्हणत नसतो. घर विकत घेतल्यावर त्या घरात शिरता यावे, एवढेच त्याचे म्हणणे असते.

2016 च्या त्या कायद्याच्या 37 व्या कलमाने गृहवाटपाच्या योजनांत, किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले आहे, आणि त्यातही स्त्रियांना प्राधान्य सांगितले आहे. 2011 च्या जनगणनेत, म्हणजे एकवीस प्रकारांचा कायदा होण्यापूर्वीच्या मोजणीत, महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांहून अधिक अपंग माणसे नोंदली गेली होती. त्यांच्या मानाने हे पाच टक्के थोडे की फार, या वादात मी शिरत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. हे पाच टक्के माणसांचे आहेत, घरांचे नाहीत. अमेरिकेत 1973 च्या पुनर्वसन कायद्यातील 504 व्या कलमाच्या आधारे जे गृहनिर्माण नियम झाले, त्यांनी केंद्रीय साहाय्याने नव्याने बांधल्या जाणाऱ्या बहुकुटुंबी वसाहतींत किमान पाच टक्के घरे हिंडण्याफिरण्याची अडचण असलेल्यांना वापरता येतील अशी, आणि आणखी दोन टक्के घरे ऐकण्याची किंवा पाहण्याची अडचण असलेल्यांसाठी, बांधली गेलीच पाहिजेत असे ठरवले; पुढे तिथल्या 'फेअर हाउसिंग' कायद्याच्या 1988 च्या दुरुस्तीने, नियम आणि रिवाज यांत वाजवी फेरफार नाकारणे हा घरांच्या बाबतीतला भेदभाव ठरला. त्या देशाचे सारेच अनुकरणीय आहे असे मी म्हणणार नाही, आणि तिथेही घरासाठी वर्षानुवर्षे रांगेत राहावे लागते. पण तिथली टक्केवारी भिंतींना लागू होते आणि आपली यादीला, हा भेद लहान नव्हे. आपल्याकडे पाच टक्के माणसे निवडली जातात आणि मग शंभर टक्के सारख्याच घरांपैकी कोणतेही एक त्यांच्या गळ्यात पडते.

तळमजल्याचा विचार सरकारला सुचलाच नाही, असेही नाही. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी मार्गदर्शक सूचनांत, ज्या कुटुंबात अपंग किंवा ज्येष्ठ व्यक्ती आहे त्यांना घर शक्यतो तळमजल्यावर वा खालच्या मजल्यांवर द्यावे, असे म्हटले आहे. 'शक्यतो'! कारकुनी केलेल्या माणसाला या शब्दाची ताकद विचारा. 'शक्यतो' म्हणजे ज्याने केले त्याला शाबासकी नाही आणि ज्याने केले नाही त्याला जाब नाही. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात, म्हणजे 2005 साली एका दृष्टिहीन नागरिकाने दाखल केलेल्या याचिकेत, जो निकाल दिला त्याचे सार माझ्या अल्पमतीप्रमाणे या एका शब्दाविरुद्धच आहे: 2017 च्या केंद्रीय नियमांतील पंधरावा नियम सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीसारखे सांगतो, मूळ कायदा मात्र ते बंधनकारक मानतो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरतो, असे न्यायालयाने म्हटले, आणि तीन महिन्यांत सक्तीचे किमान निकष वेगळे काढण्यास केंद्राला फर्मावले. एका साध्या उताराची आणि कठड्याची गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे एकोणीस वर्षे चालली. एवढ्या काळात माझे चार कॅलिपर झिजले.

आता थोडे मोजमापाचे. केंद्राच्या 2021 च्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी, चाकाची खुर्ची जागच्या जागी वळायला 1500 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट, व्यासाची जागा हवी, आणि उतार बारास एक या प्रमाणाहून चढा नसावा. हे शेवटचे प्रमाण जरा लक्षपूर्वक पाहावे. मुंबईत पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून जोते उंच धरतात, म्हणून तळमजला म्हणजे जमीन नव्हे. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट लांबीचा उतार लागतो, आणि प्रत्यक्षात जिथे तो बांधलेला दिसतो तिथे सहा-सात फुटांत उरकलेला असतो. त्याचा उपयोग स्कूटर वर चढवायला आणि मुलांना घसरगुंडी म्हणून होतो. (मावशींच्या मुलाने बांधलेला विटांचा उतारही असाच चढा होता, हे प्रामाणिकपणे सांगतो, पण त्यावर मला ढकलायला तो स्वतः उभा असे.) आत शिरल्यावर न्हाणीघराचे दार अडीच फुटांचे, त्याला पाणी अडवणारा चार बोटे उंबरा, आणि पलीकडे उकिडवे बसण्याचा संडास. ज्याला गुडघाच नाही त्याने तिथे काय करावे, हे कोणत्याही नकाशात दाखवलेले नसते.

तळमजल्याची मागणी करणाऱ्याकडे संशयाने का पाहतात, हेही मला ठाऊक आहे. आपल्या वसाहतींत तळमजल्याचा गाळा म्हणजे पुढे पडवी, पडवीपुढे पत्रा, पत्र्याखाली दुकान, असा क्रम अनेकांनी सिद्ध करून दाखवला आहे. खोट्या दाखल्यांची प्रकरणेही काल्पनिक नाहीत. परंतु दाखल्याची शहानिशा करायला आता देशभर एकच ओळखपत्र आणि त्याची संगणकीय नोंद उपलब्ध आहे, आणि पत्र्याचे दुकान पाडायला पूर्वीपासून कायदा आहे. लबाडाला अडवण्यासाठी लंगड्याला चौथ्या मजल्यावर ठेवणे, हा बंदोबस्त मला पटत नाही.

शिवाय सारे अपंगत्व पायांचेच नसते. अंध माणसाला मजला कोणता हे बोलून सांगणारी लिफ्ट हवी. कर्णबधिर जोडप्याला दाराची घंटा दिव्याने कळायला हवी. ठेंगण्या माणसाला विजेची बटणे हाताशी हवीत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईला तर वस्तू नकोच असते, सोसायटीच्या सभेत 'तुमच्या मुलाचा त्रास होतो' हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येऊ नये एवढेच हवे असते. ज्याला रात्रंदिवस मदतनीस लागतो त्याला त्या मदतनिसाने अंग टाकावे एवढी जागा हवी. यांतल्या कशासाठीही अर्जाच्या नमुन्यात ओळ नाही. 'अपंग आहात काय? होय / नाही' या प्रश्नानंतर नमुना पुढे पत्नीच्या नावाकडे वळतो.

माझी पहिली विनंती याच ओळीविषयी आहे. 'होय' या शब्दाखाली 'आपणांस घरात कोणती तजवीज लागेल?' असा एक प्रश्न छापावा, आणि त्याचे उत्तर सोडतीच्या आधी वाचले जावे. प्रवर्ग ठरवताना चिठ्ठी असो, मजला ठरवताना मात्र गरज असावी. नव्या इमारतींचे नकाशे मंजूर होतानाच पाच टक्के घरे रुंद दारांची, सपाट उंबऱ्यांची आणि वळायला जागा असलेल्या न्हाणीघरांची आखली जावीत, कारण कागदावर दार सहा इंचांनी रुंदावायला खोडरबर पुरते आणि काँक्रीटमध्ये तेच करायला पहार लागते. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी देऊ नये आणि अशा इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रही देऊ नये, असे 2016 च्या कायद्याचे 44 वे कलम सांगतेच, ते वाचले जावे इतकेच. जुन्या वसाहतींत दोन गाळेधारक राजीखुशीने अदलाबदल करू म्हणतील तर ती नाममात्र शुल्कात नोंदवून घेण्याची तरतूद व्हावी. आणि अर्ज नाकारायचाच झाला तर कोणता बोजा बेताबाहेरचा झाला ते कारण लिहून, ठरलेल्या मुदतीत, नावानिशी सहीने नाकारावा. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते, त्यांची शिफारस आली की तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवावी लागते, हे खरे. पण त्यांच्यापुढे ठेवायला हातात एक कारणासहित नकार तरी असावा लागतो. 'तरतूद नाही' हे कारण नव्हे, ती माहिती झाली.

आमच्या इमारतीचा आता पुनर्विकास व्हायचा आहे. बावीस मजल्यांचा नकाशा सोसायटीच्या सभेत लावला तेव्हा मी खुर्ची पुढे घेऊन तो पाहिला. खाली दुकाने, त्यांवर दोन मजले वाहनांचे, आणि राहती घरे त्याच्यावरून सुरू. तळमजला नावाची जागाच त्यात उरलेली नाही. लिफ्ट तीन आहेत, त्यांचे मला अप्रूप आहे. पण वीज गेली, दुरुस्तीचे पैसे थकले किंवा आग लागली की लिफ्ट बंद, आणि मग बावीस मजल्यांचा टॉवर माझ्यापुरता पुन्हा ती जुनी बिनलिफ्टची इमारत. कोणाला कितव्या मजल्यावरचे घर, हे सोडतीने ठरणार, असे सचिवांनी वाचून दाखवले. संक्रमण काळात भाडे मिळेल, असेही वाचून दाखवले. चाकाची खुर्ची शिरेल असे भाड्याचे घर या उपनगरात कुठे मिळेल, हे त्या ठरावात नव्हते.

सभेत मावशी नव्हत्या. त्या गेल्याला सहा वर्षे झाली. वर गेल्या तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या आणि बहात्तर पायऱ्या त्यांना जाणवत नव्हत्या. पुढे त्यांचेही गुडघे गेले, आणि शेवटची दोन वर्षे त्या चौथ्या मजल्यावरून खाली उतरल्याच नाहीत. मी घरे परत बदलू या म्हणून निरोप पाठवला. 'वर वारा चांगला येतो' असे उत्तर आले. त्यांना रुग्णालयात नेताना मुलांनी खुर्चीत बसवून खाली आणले, ती माझीच जुनी खुर्ची होती. सरकारने न केलेली तजवीज जेव्हा शेजारी करतो तेव्हा तिचा भार नाहीसा होत नाही, तो एका गरिबाच्या पायांवरून दुसऱ्या गरिबाच्या पायांवर जातो, हे मला त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या गर्दीत कळले, आणि म्हणून त्यांच्या औदार्याची कथा मी कौतुकाने सांगू शकत नाही.

आता त्यांचे मुलगे आणि मी, आम्हा सर्वांच्या पुनर्विकासातील पात्रतेची कागदपत्रे तपासणीला गेली आहेत, आणि दोन्ही गाळ्यांपुढे तो जुना शेरा आहे. तो शेरा ज्या नियमाने पडला त्या नियमात दुरुस्ती करणे आपल्या अखत्यारीतले आहे.

या पत्राची पोच आलीच, तर एक बारीक सूचना करून ठेवतो. आपल्या दफ्तरातील नोंदीप्रमाणे माझा पत्ता चौथ्या मजल्याचा आहे, आणि पाकिटावर तोच घातला जाईल, हरकत नाही. आमचा टपालवाला जुना माणूस आहे, तो माझी पत्रे खालीच देतो.

आपला नम्र,
एक गाळेधारक